रेल्वेतून सायकल: थिवीला चढवू की मडगावला?

सोलकढी | गुरुवार, रात्री १०:४२

मंडळी, सल्ला हवा आहे.

जानेवारीत सलग चार दिवस सुट्टी जमून आली आहे. सायकल रेल्वेने रत्नागिरीला न्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालवत घरी यायचं, असा बेत आहे. भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, आणि शेवटी तेरेखोलला फेरी धरून केरी. केरीहून म्हापसा म्हणजे आमचं अंगणच. दर खाडीला उतरायचं नि पुन्हा सड्यावर चढायचं, हे ठाऊक आहे. त्याचं काही वाटत नाही. धास्ती आहे ती सायकल रत्नागिरीपर्यंत पोचवण्याची.

कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या जंक्शनवर मी उतरले आणि माझी सायकल उतरलीच नाही! माझ्याच गाडीत होती, पावती माझ्या खिशात होती. मी फलाटावर पळत शेवटच्या डब्यापर्यंत पोचेतो गाडी हलली. तिसऱ्या दिवशी सायकल परत आली ती वाकड्या मडगार्डने, घंटीशिवाय. तोवर माझी सुट्टी संपली होती.

घर थिवी स्टेशनापासून दहाबारा किलोमीटरवर आहे. मांडवी एक्सप्रेस थिवीला थांबते, पण थांबा दोन मिनिटांचा. तिथून सायकल चढवता येईल का? लगेज करायची की पार्सल? का चाकं काढून खोळीत घालून गुपचूप डब्यात न्यावी? ज्यांनी केलं आहे त्यांनीच सांगा. "गुगल कर" म्हणणाऱ्यांना सोलकढी मिळणार नाही.

चक्रम | गुरुवार, रात्री ११:०५

खोळ, खोळ, खोळ! पार्सल ऑफिसची पायरीच चढू नका. दोन्ही चाकं काढा, हँडल आडवं वळवा, पेडल काढा (डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, उलटीकडे जोर लावून आटे घालवू नका, मी घालवले आहेत), गिअरच्या बाजूला फोम बांधा. सगळं एका ताडपत्रीच्या पिशवीत. स्लीपरमध्ये साइड लोअरखाली नाहीतर दोन बाकांच्या मधल्या पाठीमागच्या सांदीत बसतं. मी असं पाच वेळा नेलंय.

कडू_कारलं | गुरुवार, रात्री ११:२०

पाच वेळा पकडला गेला नाहीस, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

लाल_बावटा | शुक्रवार, सकाळी ६:१०

नमस्कार. मी निवृत्त. नोकरीची बरीच वर्षं पार्सलात गेली. कोकण रेल्वेत नव्हे, घाटावर. पण नियमांचं पुस्तक एकच. सकाळी चहाबरोबर लिहायला बसलोय, लांबेल.

आधी लगेज आणि पार्सल यातला फरक. तुमचं तिकीट आहे, सायकल तुमच्याच गाडीत ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून जायची आहे, तर ते लगेज. तिकीट नसेल, किंवा सायकल आधी-मागे पाठवायची असेल, तर पार्सल. पार्सल जागा मिळेल त्या गाडीने जातं, आज, उद्या, परवा. लगेजचा दर पार्सलहून जास्त, पण तुमच्याबरोबर जाण्याचे ते पैसे. सहलीला निघालेल्याने लगेजच करावं. बदली होऊन घर हलवणाऱ्याने पार्सल.

दुसरं. "माझ्या तिकिटावर चाळीस किलो मोफत आहेत, सायकल पंधरा किलोची, मग पैसे कसले?" हा वाद मी आयुष्यात किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. स्लीपरला ४० किलो, साध्या दुसऱ्या वर्गाला ३५, एसी टू टायरला ५० हे खरं. पण सायकल, स्कूटर या वस्तू त्या मोफत वजनात धरतच नाहीत. सायकल आणली की ती वेगळी बुक व्हायची, विषय संपला.

तिसरं, डब्यात नेण्याबद्दल. डब्यात न्यायच्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर. एसी थ्री टायर आणि चेअरकारला त्याहून लहान, ५५ × ४५ × २२.५. चाकं काढली तरी सायकलची फ्रेम यात बसणं कठीण. टीसी चांगला असला तर कानाडोळा करतो. नसला तर विनानोंद सामानाला लगेजच्या सहापट आकार लावू शकतो, आणि तो त्याचा हक्क आहे. चक्रम साहेब, तुम्हाला पाचही वेळा चांगले टीसी भेटले.

आता तुमचा खरा प्रश्न, थिवी की मडगाव. मडगावच. मांडवी तिथूनच सुटते, गाडी फलाटावर आधीपासून उभी असते, ब्रेकव्हॅन उघडी असते, हमाल असतात, घाई नसते. दोन मिनिटांच्या थांब्यात काय होतं? गाडी येते, ब्रेकव्हॅन फलाटाच्या टोकाला, कधी टोकाच्याही पुढे. दार आतून उघडायचं, आत आधीच मासळीच्या पेट्या नि आंब्याची खोकी रचलेली. सायकल आडवी टाकायची तर चार पेट्या सरकवाव्या लागतात. तोवर सिग्नल पडतो. स्टेशन मास्तर नाही म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका, गाडी त्याच्या नावावर उशिरा लागते.

आणि तुमची सायकल जंक्शनवर का उतरली नाही, तेही सांगतो. चढवताना ती सर्वात आधी चढली असणार, म्हणजे सर्वात आत गेली. वर दुसऱ्या स्टेशनांचा माल पडला. तुमच्या स्टेशनाला ती तळाशी. म्हणून चढवणाऱ्याला विनवून सांगायचं: दाराशी ठेव, आधी उतरायची आहे.

सोलकढी | शुक्रवार, सकाळी ८:३१

लाल_बावटा काका, साष्टांग! दोन वर्षं मी उगाच गार्डला शिव्या देत होते.

लाल_बावटा | शुक्रवार, सकाळी ८:५०

गार्ड म्हणू नका हो, २०२२ पासून ते ट्रेन मॅनेजर झाले. पगार तोच, झेंडाही तोच.

आणखी एक राहिलं. सायकल महागाची असेल तर बुक करताना किंमत जाहीर करा आणि टक्केवारीचा जादा आकार भरा. तो भरला नाही आणि सायकल हरवली, तर लगेजला रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपये. पंधरा किलोच्या सायकलचा हिशेब तुम्हीच करा. लोक पन्नास-साठ हजारांची सायकल देतात, किंमतीच्या रकान्यात काहीच लिहीत नाहीत, आणि मग ग्राहक मंच शोधत फिरतात.

अबोली | शुक्रवार, सकाळी ९:१५

हे कोणी सांगतच नाही! वाचनखूण साठवली.

मला विचारायचं होतं, वंदे भारतमध्ये नेता येईल का? मुंबई–मडगाव वंदे भारत २०२३ च्या जूनपासून आहे, लवकर पोचते.

लाल_बावटा | शुक्रवार, सकाळी ९:२२

नाही. त्या गाडीला ब्रेकव्हॅनच नाही. गाड्या जितक्या नव्या, तितकी सायकलला जागा कमी.

चक्रम | शुक्रवार, सकाळी ११:४०

सहापट वाचून जरा घाम फुटला. माझ्याकडे घडीची सायकलही आहे, ती तरी चालेल ना? रात्री फूटपट्टी घेऊन बसलो होतो. २० इंची चाकाची घडी सायकल घडी केल्यावर ८० × ६० × ३५ च्या आसपास येते. म्हणजे रुंदीत, सॉरी, जाडीत नापास. एका मित्राकडे ब्रॉम्प्टन आहे, लाखाच्या वरची, जगातल्या सर्वात आटोपशीर घडी सायकलींपैकी एक. तिची जाडी २७ सेंटिमीटर. नियम २५ चा. दोन सेंटिमीटरने अपराधी! एसी थ्रीच्या मापात तर तीही कुठून बसायला.

कडू_कारलं | शुक्रवार, दुपारी १२:०२

लाखाची सायकल घेऊन स्लीपरने जाणारा मित्र मला बघायचा आहे.

आणि एक मूलभूत प्रश्न. गोव्यात सायकल चालवतं कोण? घरटी दोन स्कूटर आहेत. पणजीत अटल सेतूवर दुचाकीलाच बंदी, म्हणजे सायकलचं नावच नको. हायवेवर ट्रक अंगावर येतात. चार हौशी लोक रविवारी झगमग चड्ड्या घालून निघतात, त्यांच्यासाठी रेल्वेने सोयी करायच्या?

गियर_नाही | शुक्रवार, रात्री ८:५५

कारलं, तुला सायकलवाले दिसत नाहीत कारण ते तू उठायच्या आधी कामावर जातात.

मी सावर्ड्याचा. वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला, सहा वर्षं झाली. कुळे–वास्को पॅसेंजर धरतो, माजोर्ड्याला उतरतो, तिथून कारखान्यापर्यंत सायकलने. घरून स्टेशनपर्यंतही सायकलनेच. म्हणजे माझ्या दोन सायकली. एक सावर्ड्याला, एक माजोर्ड्याला. दोन्ही मिळून तुमच्या घडीवालीच्या एका चाकाच्या किमतीत आल्या. रेल्वेत सायकल नेण्याचा प्रश्नच येत नाही.

सकाळी माझ्याबरोबर उतरणारे पाचसात जण असेच. ओडिशाचे, झारखंडचे, दोघे आमचे काणकोणचे. कोणाच्या अंगावर झगमग चड्डी नसते. गळ्यात टिफिन असतो. वेर्ण्याचा चढ बिनगिअरच्या सायकलने चढून बघ, मग हौस कोणाला म्हणतात ते बोलू.

आमचं दुखणं वेगळं आहे. रात्रभर सायकल कुठे ठेवायची? स्टँड म्हणजे मोटरसायकलींचा. तिथे सायकल लावली की कोणीतरी बाजूला फेकतो. मी चहाच्या गाड्याच्या मागे रेलिंगला साखळीने बांधतो. एका टोकाला एकदा सीट चोरीला गेलं, एकदा नुसतं व्हॉल्व्ह काढून नेलं कोणीतरी. पावसात चेन लाल होते. चार पत्रे आणि जमिनीत रोवलेले दहा लोखंडी कमानी पाइप, एवढंच मागणं आहे. ते कोणी मागत नाही, कारण मागणारे आम्ही.

तिसवाडीकर | शुक्रवार, रात्री ९:३०

गियर_नाही, हा प्रतिसाद वरती चिकटवून ठेवायला हवा.

मिरजेला, कोल्हापूरला लहानपणी स्टेशनाबाहेर सायकल स्टँड बघितलेत. मामा तिथे मासिक पास काढायचा, हँडलला नंबराचा बिल्ला अडकवायचे, अर्धा बिल्ला हातात द्यायचे. सायकल घ्यायला आलं की दोन्ही बिल्ले जुळवायचे. साधी गोष्ट. आपल्याकडे ही पद्धत रुजलीच नाही. गाव विखुरलेलं, वाड्यावाड्यांचं, स्टेशनं तर गावाबाहेरच. पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्याच्या मागे बसायचं नि निघायचं, ही आपली सवय.

अबोली | शुक्रवार, रात्री ९:४१

स्टेशनं गावाबाहेर, तेच तर दुखणं. करमळीला उतरल्यावर पणजीला जायचं तर बस शोधा नाहीतर टॅक्सीवाल्याला अर्धं विमानतिकीट द्या. सायकल स्टेशनावर ठेवलेली असती तर उतरल्यावर थेट घरी.

तिसवाडीकर | शनिवार, सकाळी ७:१२

करमळीचं नाव काढलंत म्हणून लिहितो.

माझ्या मते गोव्यात सायकल आणि रेल्वे यांची जोडी जमेल असं सर्वात सोपं स्टेशन करमळी. स्टेशनाच्या कडेला तळं. हिवाळ्यात सकाळी पाणपक्ष्यांचा कलकलाट. दोनतीन किलोमीटर पेडल मारलं की जुने गोवे. तिथून फेरीने दिवाडी, सायकलला पैसे पडत नाहीत. दिवाडी बेटावर गाड्या कमी, शेतं सपाट, मधोमध पियेदादचा डोंगर, वरच्या चर्चकडून खाली मांडवी नदीचं वळण दिसतं. बेटाच्या पलीकडच्या टोकाला नार्व्याची फेरी, मग डिचोलीचा रस्ता.

आणि उलट बाजूला, दक्षिणेला जायचं तर रेल्वेच बरी. करमळी सोडली की गाडी झुआरीच्या पुलावरून जाते आणि वेर्ण्याला पोचते. हायवेवरून सायकलने हेच अंतर काटायचं म्हणजे जीव मुठीत. पॅसेंजरच्या एका टोकाच्या डब्यात चार सायकली उभ्या करायची सोय असती, तर हायवेचा हा तुकडा टाळता आला असता. माझी मागणी एवढीच.

स्विंडनचो_भुरगो | शनिवार, दुपारी ३:०५ (इथे सकाळ)

देव बरें करूं. मूळ डिचोलीचा, आता स्विंडन. अर्धं गोवं इथेच भेटतं म्हणा. हे गावच रेल्वेवर उभं राहिलं, इंजिनांचा कारखाना १८४३ चा.

विलायतेत सगळं छान असेल असं वाटतं ना? इथल्या लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. आणि जागा म्हणजे काय, तर कपाटासारख्या खणात पुढचं चाक वर करून खुंटीला टांगायची. माझी जुनी जड सायकल टांगताना खांदा लचकला. जाड टायरची तर त्या खुंटीत शिरतच नाही. घडीची मात्र बॅगेसारखी न्या, कोणी विचारत नाही.

खरं शहाणपण डच लोकांचं. ते गर्दीच्या वेळात सायकल गाडीत घेऊच देत नाहीत. त्याऐवजी स्टेशनाखाली ठेवायला जागा देतात. उट्रेक्ट स्टेशनाखाली १२,५०० सायकलींचं तळघर आहे, २०१९ मध्ये पूर्ण झालं. आणि उतरल्यावर पुढच्या गावात भाड्याची सायकल स्टेशनावरच. म्हणजे गियर_नाही जे दोन जुन्या सायकलींनी करतो, तेच.

डेन्मार्कवाल्यांनी उलटं केलं. कोपनहेगनच्या लोकल गाड्यांत २०१० पासून सायकल फुकट. पण त्यांच्या गाड्यांत सायकलींसाठी अख्खे रिकामे डबे आहेत. आमच्या कुळे पॅसेंजरला श्वास घ्यायला जागा नाही.

चक्रम | शनिवार, दुपारी ३:३०

भारतातही अगदीच अंधार नाही हो. कोची मेट्रोने २०२० पासून सायकल आत घेऊ दिली, नागपूर मेट्रोतही चालते, मुंबईत २अ आणि ७ या मार्गिकांवर २०२२ पासून. मेट्रोला फलाट आणि डबा एका पातळीत असतो, लिफ्ट असते, ढकलत आत जायचं. आपल्याकडे डब्याला तीन पायऱ्या, फलाट खाली, आणि पूल ओलांडायला पन्नास पायऱ्या. सायकल खांद्यावर.

लाल_बावटा | शनिवार, सायंकाळी ५:४४

पुलाच्या जिन्याला कडेने एक पन्हळ लावली तरी काम होतं. वीतभर रुंद लोखंडी पट्टी. चाक तिच्यात ठेवायचं, माणसाने पायऱ्या चढायच्या, सायकल बाजूने ढकलायची. खर्च किती? एका फॅब्रिकेटरचं दोन दिवसांचं काम.

कडू_कारलं | शनिवार, सायंकाळी ६:००

गियर_नाही, माझे शब्द मागे घेतो. चड्डीबद्दलचे नाही.

पण मला हसू एका गोष्टीचं येतं. २०२५ च्या गणपतीला कोलाडहून वेर्ण्यापर्यंत अख्ख्या मोटारी रेल्वेवर चढवून आणल्या. ट्रकांची रो-रो तर १९९९ पासून चालू आहे. दीड टनाची कार चढते, पंधरा किलोच्या सायकलला मात्र ब्रेकव्हॅनमध्ये मासळीच्या पेटीखाली झोपावं लागतं.

लाल_बावटा | शनिवार, सायंकाळी ६:१५

कारवाल्याने तेव्हा एका गाडीचे सात हजार आठशे पंच्याहत्तर मोजले, साहेब.

अण्णा_कुडचडे | शनिवार, रात्री ९:५८

मी बहुधा इथला सर्वात म्हातारा. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

मीटर गेजच्या दिवसांत कुडचड्याहून मडगावला सायकल घेऊन जायला कोणाची परवानगी काढायची नसे. गार्ड ओळखीचा. त्याच्या डब्यात सायकल उभी करायची, त्याला दोन भेंडांचा नाहीतर पेरवांचा वाटा द्यायचा. भाजीवाले, मासेवाले, एक पोदेर तर पाव विकून झाल्यावर रिकाम्या टोपलीसकट सायकल गाडीत घालून परत जायचा, भोंपू वाजवतच चढायचा. पोरं हसायची. गाडी इतकी हळू की चढावर खाली उतरून चालता यायचं असं म्हणायचे, मी कधी उतरलो नाही. गेज बदलला, गाड्या मोठ्या झाल्या, गार्ड अनोळखी झाला. चांगलंच झालं म्हणा, वेळेवर पोचतो. पण सायकल उतरली ती उतरलीच.

(नातू: आजोबांनी शेवटचं वाक्य तीन वेळा बदलायला लावलं.)

गियर_नाही | शनिवार, रात्री १०:२०

अण्णा, तो पोदेर आता स्कूटरवर येतो. भोंपू तोच.

सोलकढी | रविवार, सकाळी १०:०३

अवांतर छान चाललंय, चालू द्या. माझं ठरलं: मडगावहून मांडवी, लगेज, किंमत जाहीर करून. बांधणी कशी करू? हमाल गोणपाटात शिवून देतात म्हणे.

लाल_बावटा | रविवार, सकाळी १०:४०

गोणपाट बरं. पण आधी आतून तुम्ही बांधा. हँडल, फ्रेमच्या नळ्या, मागचा गिअर, याला जुन्या चादरीच्या पट्ट्या. पुढचं हँडल आडवं वळवलं की जाडी कमी होते. चाकं काढू नका, चाकावर उभी असली तर ढकलून नेतात, सुटे भाग असले तर फेकतात. टायरमधली थोडी हवा काढा. बाटली, पंप, दिवा, मीटर काढून आपल्या पिशवीत. मागच्या वेळी तुमची घंटी तशीच गेली असणार.

गोणपाटावर जाड मार्करने दोन बाजूंना नाव, मडगाव ते रत्नागिरी, आणि पावतीचा नंबर. एक चिठ्ठी आत फ्रेमलाही बांधा, बाहेरचं फाटलं तर.

गाडीच्या अर्धा तास आधी लगेज द्यायचं हा नियम, तुम्ही दीड तास आधी जा. ब्रेकव्हॅन पुढे की मागे हे विचारून घ्या, आणि जमलं तर आपली जागा त्या टोकाच्या डब्यात. उतरायच्या स्टेशनाआधी दाराशी उभ्या राहा. पावती हरवू नका, हरवली तर बाँड लिहून द्यावा लागतो नि दुपार जाते.

चक्रम | रविवार, सकाळी ११:११

आणि मांडवीत भूक ठेवून बसा. मांडवीला लोक खायलाच चढतात. हे सायकलशी संबंधित नाही, पण सांगितलं नाही तर पाप लागेल.

अबोली | रविवार, दुपारी १:३०

पावसाळ्यात मात्र हे काही करू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल येऊन मार्गच बंद पडला होता, आमचे पाहुणे सावंतवाडीला अडकले.

*(पाच आठवड्यांनंतर)*

सोलकढी | मंगळवार, रात्री ९:१७

आले! सायकलसकट, घंटीसकट.

क्रमाने सांगते. आदल्या दिवशी सायकल चालवत जुने गोवे, फोंडा, बोरी करत मडगावला मावसबहिणीकडे गेले. पहाटे स्टेशनावर. बांधणी घरून करून नेली होती, गोणपाट तिथे शिवून घेतलं. काउंटरवरच्या माणसाने सायकल न मोजताच पावतीवर वजन ४० लिहिलं. मी म्हटलं, चौदा आहे. तो म्हणाला, बाई, सायकल म्हणजे चाळीस. वाद घातला नाही. पैसे एका बऱ्या मासळीच्या थाळीइतके झाले. किंमतीच्या रकान्यात आकडा भरायला लावला तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, लाल बावट्याने. त्याला कळलं नाही.

सायकल दाराशी उभी करून घेतली. गाडी निघाली, वेर्णा, करमळी, आणि तासाभरानंतर थिवी. माझं स्टेशन. घरातून बारा किलोमीटर, आणि मी तिथे पोचण्यासाठी आदल्या दिवशी पन्नासेक किलोमीटर उलट्या दिशेने गेले होते. खिडकीतून हात केला. भेळवाल्याने उलट हात केला.

रत्नागिरीला पळत गेले. दार उघडं, सायकल समोर, दोन हमालांनी झेलून उतरवली. पूर्ण तीन मिनिटं. फलाटावरच गोणपाट उसवलं, भोवती पंधरा माणसं जमली, एका आजोबांनी हवा भरायला पंप धरला.

पुढचा प्रवास वेगळ्या धाग्यात लिहीन. एवढंच सांगते की जैतापूरच्या चढावर रडले, कुणकेश्वरला समुद्रात पाय बुडवून बसले, आणि तेरेखोलच्या फेरीत सायकल फुकट चढली तेव्हा फेरीवाला पायाने दोरी सोडत म्हणाला, "हिकां तिकेट ना, हिकां पाय आसात." सायकलला पाय असतात हे मला पहिल्यांदाच कोणी सांगितलं.

थिवीत परवा जाऊन विचारलं. स्टेशन मास्तर सौजन्याने बोलले. दोन मिनिटांच्या थांब्याला लगेज नाही, पण सायकल लावायच्या कमानीबद्दल लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्जाचा मसुदा करतेय. करमळी, थिवी, माजोर्डा, सावर्डे, सगळ्यांचा एकत्र द्यावा का? करमळी-थिवी कोकण रेल्वे, सावर्डे दक्षिण पश्चिम रेल्वे, म्हणजे दोन अर्ज. गियर_नाही, तुमच्या चहाच्या गाड्यामागच्या रेलिंगचा फोटो पाठवा, जोडते.

लाल_बावटा | बुधवार, सकाळी ६:०५

अभिनंदन. अर्जात "सायकल ट्रॅक", "पर्यावरण" असले शब्द घालू नका. किती सायकली रोज उभ्या असतात तो आकडा घाला. तीन दिवस सकाळी जाऊन मोजा.

तिसवाडीकर | बुधवार, सकाळी ७:४०

करमळीची मोजणी माझ्याकडे. तळ्यावर जातोच आहे.

गियर_नाही | बुधवार, रात्री ९:०२

फोटो पाठवला. माजोर्ड्याचे आज सकाळी मोजले: नऊ. एक माझी.

आणि एक. पुढच्या महिन्यापासून माझी बदली होतेय, दुसरा प्लांट, कंपनीची बस आहे. माजोर्ड्याची सायकल कोणाला हवी असेल तर घ्या, पैसे नकोत. पुढचं चाक जरा डोलतं, मागचा ब्रेक चांगला. रात्रभर तिथेच बांधलेली असते. चावी चहावाल्याकडे ठेवलीय, त्याला "बिनगिअरवाली" म्हटलं की देईल.